दोन बोटं आखूड

त्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर जेवण कधी होत नसे. सहा माणसांचं, चांगल्या लाकडाचं टेबल काकूंनी मोठ्या हौसेने घेतलं आणि चारच महिन्यांत काका नोकरीतून निवृत्त झाले. निवृत्त माणसाला घरात जागा लागते आणि ती तो विचारून घेत नाही. काकांनी टेबलाच्या कडेला दोन भोकं पाडली, तिथे वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी व्हाइस बोल्टांनी आवळला, शेजारी कथील वितळवायचं भांडं मांडलं, आणि त्या दिवसापासून तिथे मोटरसायकलींच्या केबली बनू लागल्या. नवराबायको गेली अकरा वर्षं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती.

गिऱ्हाइकं दोन प्रकारची. ज्यांच्या जुन्या गाड्यांच्या केबली कुठेच मिळत नाहीत अशी, आणि ज्यांना नव्या गाडीचं हँडल उगाच हातभर उंच करायचा सोस असतो अशी. काम दोघांचं सारखंच. बाहेरून आउटर नावाची नळी, तिच्या आत इनर नावाची पोलादी तार, आणि तारेच्या दोन्ही टोकांना वितळलेल्या कथलाचा डाख देऊन बसवलेलं निपल, म्हणजे वाटाण्याएवढा पितळी मणी. आउटरच्या बाहेर तार किती मोकळी ठेवायची, यातच सगळी मेख. काका ती ढील दोन बोटं ठेवत आणि खरोखरच आपली दोन बोटं लावून मोजत. टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. टेप ही काकूंच्या शिवणकामाची वस्तू, म्हणजे शत्रूपक्षाची.

"आजवर माझी एकही केबल परत आलेली नाही," हे वाक्य काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. गॅसवाल्यालाही ऐकवत. एकदा काकूंनी त्यांना शब्दात पकडलं. परत आली तर काय, असं विचारलं. तावात आलेले काका म्हणाले, त्याच दिवशी व्हाइस काढतो आणि टेबल तुझ्या ताब्यात देतो. काकूंनी ते मनात गाठ मारून ठेवलं. टेबल गेलं तर काकांना दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघण्याशिवाय काही उरणार नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर दोघंही फार बोलत नसत.

एका सोमवारी दुपारी गुरांची डॉक्टरीण आली. हसतमुख, घाईतली, बुटांना चिखल लागलेली. तिची मोटरसायकल तिच्याहून वयाने मोठी होती. तिने पिशवीतून क्लचची केबल काढून टेबलावर ठेवली. आतली तार तुटून आतच कुठेतरी गडप झाली होती.

"काका, आउटर मात्र हीच ठेवा. दुसरी लावली की गाडी रुसते. तार तेवढी नवी घाला."

काकांनी शनिवारचा वायदा केला. दारात हेल्मेट चढवताना ती सहज बोलल्यासारखी म्हणाली, "आणि एक, क्लच कधी कधी आपला आपण दाबला जातो. मी दाबायच्या आधीच. मला सवय झालीय, पण तुम्ही एकदा बघा."

स्प्रिंग ढिली असेल, असं काका म्हणाले. मोटरसायकलीत जे काही बिघडतं ते स्प्रिंगमुळे किंवा मालकामुळे, असं त्यांचं शास्त्र होतं.

आउटर चार फूट दोन इंच भरली. काकांनी दोरी लावून दोनदा मोजली. तिचं तोंड इतकं बारीक की काडेपेटीची काडीही धड आत जात नव्हती. नळी सरळ ताणून खिडकीकडे धरली की पलीकडच्या टोकाला उजेडाचा ठिपका दिसायला हवा. इथे मिट्ट काळोख. तुटलेली तार आणि वर्षानुवर्षांचा मळ, काकांनी निदान केलं. मळावर औषध तेल. त्यांनी आउटर खिडकीच्या गजाला उभी टांगली, वरच्या तोंडाशी कणकेची वाटी वळून बसवली, तेल ओतलं आणि खाली बशी ठेवली. चार फुटांत तेल उतरायला एक रात्र पुष्कळ होते.

मंगळवारी सकाळी वरची वाटी रिकामी होती आणि खालची बशी कोरडी. काकांनी आणखी तेल ओतलं. दुपारी तेच. संध्याकाळपर्यंत तेलाची आख्खी बाटली संपली, म्हणून त्यांनी काकूंच्या शिलाई मशीनची बाटली हळूच उचलली. ती संपल्यावर चोरी उघडकीला आली. काकू आधी रागावल्या, मग त्यांनी बशी उचलून बोट फिरवलं आणि रागावायच्या थांबल्या. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण म्हणतो. इथे पाऊण लिटर तेल मुरलं होतं, आणि आउटर बाहेरून हाडासारखी कोरडी होती.

काका बुद्धिवादी माणूस. त्यांनी स्वयंपाकघरातला काटा मागवला, तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या आउटरचा तुकडा काढला आणि दोन्ही तोलल्या. वजन अगदी सारखं निघालं.

"काटा बिघडलाय," काका म्हणाले.

"काटा माझा आहे," काकू म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

बुधवारी काकांनी डॉक्टरीणबाईंना फोन करून काम थोडं लांबेल असं चाचरत सांगितलं. ती म्हणाली, काही घाई नाही, गाडी चालू आहे. काका म्हणाले, चालू कशी असेल, केबल तर माझ्यापुढे टांगली आहे. ती म्हणाली, तेच तर, मलाही नवल वाटतंय, पण क्लच वेळेवर दाबला जातोय. "तुम्ही तेल घातलंत ना? कालपासून फार हलका झालाय." मागे एक म्हैस ओरडली आणि फोन बंद झाला.

नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते काकांना कळेना. काकूंना त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की बाई जरा विनोदी आहे.

गुरुवारी त्यांनी सायकलचा पंप आणला. हवा आत गेली, जात राहिली, शंभर दट्टे मारून काकांचे खांदे भरून आले. पलीकडच्या टोकाशी काकू गाल लावून बसल्या होत्या, त्यांना झुळूकही लागली नाही. पंप काढून काकांनी घाम पुसला, तेव्हा ज्या तोंडातून हवा भरली त्याच तोंडातून आउटरने सावकाश उसासा टाकला. त्या उसाशाला वास होता. वितळलेल्या कथलाचा, ताज्या डाखाचा. काकांचं भांडं आठवडाभर पेटलेलं नव्हतं.

"हा तुमचाच वास," काकू म्हणाल्या. अकरा वर्षं तो वास त्यांनी जेवताना घेतला होता, त्यांची चूक होणं शक्य नव्हतं.

"माझा नाही. मी कथील एवढं तापवत नाही," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन पंप जागेवर ठेवायला गेले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तारेचं नवं कोरं रीळ फोडलं. तीस मीटर. काहीही असो, वायदा म्हणजे वायदा. त्यांनी टोक आउटरमध्ये घातलं आणि सरकवायला सुरुवात केली. तार अशी सुरळीत गेली की काकांना आपल्याच हाताचं कौतुक वाटलं. चार फूट झाले, पाच झाले. पलीकडच्या तोंडातून काहीच बाहेर येईना. काकू आपली टेप घेऊन आल्या आणि पडद्याचं कापड मोजावं तशा मोजू लागल्या. एरवी काकांनी टेपला हरकत घेतली असती. दहा मीटर. सोळा. बावीस. मधेच काकूंनी, आपण कुणाच्या घरात तर घुसवत नाही ना, असं विचारलं. काका खालच्या मजल्यावर जाऊन पाहूनसुद्धा आले. खालचे शेजारी पेपर वाचत होते.

रिळावर हातभर तार उरली, तेव्हा काका थांबले. त्यांनी टोक चिमट्यात धरलं.

तार हलली.

दोनदा आत, सावकाश. एकदा बाहेर. मग स्थिर.

काकांच्या अंगावर काटा आला, आणि तो नुसता भीतीचा नव्हता. ही तपासणी त्यांची होती. केबल तयार झाली की ते दोनदा ओढत, एकदा सोडत आणि क्षणभर थांबून तिचा स्वभाव बघत. ती खोड त्यांना कुणी शिकवली नव्हती.

"कुणीतरी काम करतंय," काकू हळूच म्हणाल्या.

तार पुन्हा आत सरकू लागली. हातची जाईल या भीतीने काकांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. घाईघाईने कथील तापवलं, टोकाच्या तारा केरसुणीसारख्या पिंजारल्या, डाख दिला आणि माप न घेता निपल बसवून टाकलं. ते गार होतं न होतं तोच झटका बसला, उरलेली तार सर्रकन आत गेली, आणि निपल आउटरच्या तोंडाशी येऊन टक्कन अडकलं. दोन बोटं सोडा, नखाएवढीही ढील राहिली नाही. काकांनी ते पाहिलं आणि दिवसभर त्यांना ते खटकत राहिलं. भुताटकी असो की आणखी काही, काम वाईट झालं होतं.

शनिवारी सकाळी दोघं चहा पीत बसले होते. टेबलावरून बारीक खरखर ऐकू आली.

निपल आउटरच्या तोंडापासून सुटलं होतं. त्याच्यामागून तार बाहेर येत होती.

ती टेबलावर आली, कडेवरून खाली उतरली, फरशीवर वेटोळी घालू लागली. काकूंनी पाय वर घेतले. काकांनी कप खाली ठेवला नाही, कारण ठेवायला जागा कुठे आहे ते त्यांना आठवेना. तीस मीटर तार कुणाच्याही हाताशिवाय, एका लयीत बाहेर येत राहिली.

मग दुसरं टोक आलं.

त्यालाही निपल होतं. काकांनी भिंग लावलं. डाख आरशासारखा गुळगुळीत, कुठे थेंब नाही, कुठे खाच नाही. निपल अजून कोमट होतं.

"माझ्यापेक्षा चांगलं आहे," काका म्हणाले.

निपलाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती, बिडीसारखी गुंडाळून. काकांच्या हातून ती उलगडेना. काकूंनी उलगडली आणि मोठ्याने वाचली.

"दोन बोटं आखूड. नवी करून पाठवा. जमत नसेल तर मी येतो."

काका उठले, खणातून पाना काढला आणि व्हाइसचा पहिला बोल्ट फिरवू लागले. अकरा वर्षांचा गंज, बोल्ट हलेना. पण ते फिरवत राहिले, खाली मान घालून.

"केबल परत आली," ते म्हणाले. "शब्द दिला होता मी."

काकूंनी या क्षणाची अकरा वर्षं वाट पाहिली होती. या टेबलावर कोणती चादर टाकायची, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण त्या वाकलेल्या पाठीकडे बघून त्या जागेवरून उठल्या. त्यांनी काकांच्या हातातला पाना काढून घेतला.

"अहो, बसा. टेबलाचं मग बघू. तो यायच्या आत केबल पाठवा." मग पाना खणात टाकत, "या वेळी माप मी घेते. ही दोन बोटं नेमकी कुणाची? तुमची, की त्याची?"

काकांनी आपली दोन बोटं समोर धरून पाहिली. हा प्रश्न त्यांना अकरा वर्षांत कधी पडला नव्हता.

काकूंनी तोवर आउटर उचलली होती. त्या तिचं तोंड निरखत होत्या. चिठ्ठीची एवढी जाड गुंडाळी यातून आलीच कशी, ते त्यांना समजत नव्हतं. सोमवारी या तोंडात काडेपेटीची काडी जात नव्हती.

"अहो, हे भोक मोठं झालंय," त्या म्हणाल्या आणि अंदाज घ्यायला त्यांनी बोट घातलं.

बोट सहज आत गेलं.

आत ऊब होती. कुणीतरी ते बोट दोन्ही बाजूंनी हलकेच चाचपलं, टोकापासून पेरापर्यंत, माप घेणारे घेतात तसं. मग क्षणभर थांबलं, आणि शेजारी दुसऱ्या बोटापुरती जागा केली.