एक वेढा आधी

त्या सोमवारी ओत्ताव्यो पारोदी नेहमीसारखा नऊला जेनोवाच्या बंदरामागच्या तळघरातल्या आपल्या स्टुडिओत उतरला, दिवा लावला आणि टेपचं यंत्र सुरू केलं. भिंतींना समुद्राचा ओलसर वास कायमचाच होता. त्याचा भाचा डेलिओ बँडशी भांडून बाहेर पडला होता आणि सगळी वाद्यं एकट्याने वाजवून एक काळाकुट्ट, विचित्र अल्बम करत होता. शेवटच्या गाण्यात फक्त आवाज भरायचा राहिला होता. बहीण गेल्यापासून ओत्ताव्योला त्या पोराशिवाय कोणी नव्हतं.

हेडफोन लावून त्याने रीळ फिरवलं. ऑर्गन घुमला, थांबला. आवाजाची पट्टी कोरी होती... आणि तिच्यावर अगदी पुसट डेलिओ गात होता, ‘मीठ भरा माझ्या डोळ्यांत.’ मग खुर्ची पडल्याचा आवाज. मग डेलिओची किंकाळी.

ओत्ताव्यो आधी स्वतःवरच चिडला. टेप गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्याला लागतो. खरं गाणं येण्याआधीच त्याची सावली ऐकू येते. म्हणून रीळ उलटं गुंडाळून ठेवायचं असतं. काल तो विसरला होता. डेलिओने रात्री एकट्यानेच गाऊन बघितलं असेल, आता क्षणभरात खरा आवाज येईल म्हणून तो थांबला.

आलाच नाही.

अकराला डेलिओ फोकाच्चा पावाची पुडी घेऊन आला. “मामा, चेहरा का असा? काल आपली जेनोआ फुटबॉलची मॅच हरली म्हणून?”

“गाण्याचे शब्द कधी लिहिलेस?”

“आत्ता, बसमध्ये. ऐक, मीठ भरा माझ्या...”

“पुरे.” ओत्ताव्यो तडक गाण्याच्या खोलीत गेला.

मायक्रोफोनमधून विजेचा झटका बसून मेलेला एक गिटारवाला त्याला ठाऊक होता. त्याने एकेक वायर तपासली. गाण्याच्या खोलीतली खुर्ची उचलून बाहेर रस्त्यावर ठेवली. खाली रबराची चटई अंथरली.

“आता मला कापसात गुंडाळ!” डेलिओ हसला.

“उभा राहा तिच्यावर. माझ्यासाठी.”

डेलिओ गायला. काचेपलीकडे ओत्ताव्यो श्वास रोखून बसला होता. शेवटची ओळ आली, संपली. काही पडलं नाही. कोणी ओरडलं नाही. भाचा घामाघूम होऊन हसत बाहेर आला तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“नीट आलं का बघ ना,” डेलिओ घास घेत म्हणाला.

ओत्ताव्योने रीळ मागे नेलं, आवाज पूर्ण वाढवला. ओळ आता खणखणीत होती. पण तिच्यामागून, अजूनही पुसटच, खुर्ची पडली. मग ती किंकाळी. या वेळी तिच्यातले शब्द कळले.

“मामा... मामा, डोळे उघड...”

तळघरात आता एकच खुर्ची उरली होती. तिच्यावर ओत्ताव्यो बसला होता.

त्याने झटकन यंत्र बंद केलं. रिळं थांबली. समोर डेलिओ तोंड मिटून फोकाच्चा चघळत होता.

हेडफोनमध्ये मात्र डेलिओ हाका मारतच होता. आणि आता तो आवाज पुसट राहिला नव्हता.