मंगळवारचे चार

"मला विचारल्याशिवाय माझ्या वहीत कुणी साधी रेघही ओढायची नाही, सांगून ठेवते!"

हा आवाज मी कॉलेजात असताना ऐकलेला. ताईच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या वहीमावशीचा. अपॉइंटमेंटची वही तिची. पुढे वही गेली, कॉम्प्युटरवर कॅलेंडर आलं. तेही तिचंच.

हसायचं तर खुशाल हसा. पण हे घडलंय. आणि रात्री-बित्री नाही... मंगळवारी, भर दुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

मावशीला जाऊन महिना झाला होता. फोन वाजून वाजून थांबायचे. पेशंट दुसरीकडे वळायला लागले होते. तरी ताई त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवायला तयार नव्हती.

"कोड लिहितेस ना, शहाणे? मग कर काहीतरी. नाहीतर महिनाअखेर मी शटर ओढते."

मी प्रोग्रॅम लिहिला. पेशंटनं फॉर्म भरला की कॅलेंडरवर वेळ आपोआप लागणार.

पहिलीच चाचणी...

एरर ४०३. परवानगी नाही.

चूक माझीच. प्रोग्रॅमला मावशीचं कॅलेंडर नुसतं बघू दिलं होतं, लिहू दिलं नव्हतं. ताईकडून मावशीचा पासवर्ड घेतला, लिहायचा हक्क दिला.

सोमवार लागला. बुधवार लागला. आठवडा पाण्यासारखा भरत गेला.

मंगळवार, चार...

परवानगी नाही.

साडेतीन चालतं. साडेचार चालतं. चार नाही.

आता हे नीट ऐका. परवानगी अख्ख्या कॅलेंडरला असते. एका वेळेपुरती वेगळी नसतेच! मी आजही कारण शोधतेय.

तेवढ्यात मागे चाकं करकरली...

मावशीची खुर्ची मी कोपऱ्यात सारली होती. आता ती माझ्या शेजारी होती.

"मावशी, मी लिहिणारच," मी मोठ्यानं म्हटलं. मान ताठ.

नवं कॅलेंडर उघडलं. माझं, माझ्या मालकीचं. कोड चालवला.

परवानगी नाही.

मग हातानं टाइप केलं. नोंद उमटली... आणि पुसत गेली. एकेक अक्षर, शेवटाकडून.

पेनाचं टोपण बसल्याचा आवाज आला... टक्.

टेबलावर पेन नव्हतंच.

"ताई!" मी ओरडले. "ही वेळ मी भरणार म्हणजे भरणार! बघतेच तुझी मावशी काय करते ते!"

ताई दारात उभी होती. हातमोजे तसेच हातात.

"राहू दे ना ती रिकामी."

"का? मी घाबरू तिला?"

"तू नाही गं..."

तिनं हातमोजे उतरवले. बोलली ती माझ्याशी नव्हे, खुर्चीशी.

"त्या मंगळवारी छातीत दुखतंय म्हणालीस. चारला डॉक्टरकडे जाऊन येऊ का, विचारलंस. चारला पेशंट होता, मावशी... मी नाही म्हटलं."