अस्वलाच्या पाठीवरचा डाग

"हे कुणी केलं?"

पत्नीचा तो आर्त स्वर कानी पडला आणि टेलरमास्तरांच्या हातातली कात्री जागीच थबकली. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिचे नाना सूर ऐकले होते... पण हा सूर! काळीज फाटल्यावर निघावा तसा हा सूर! गळ्यातली टेप सावरत ते आतल्या खोलीकडे धावले आणि दारातच थांबले, कारण सुती हातमोज्यांशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायची त्यांना परवानगी नव्हती.

टेबलावर तो ग्रंथ उघडा पडला होता. रशियन परीकथांचा, शंभर वर्षांहून जुना, महिनाभराच्या पत्रव्यवहारानंतर घरी आलेला! पानभर चित्र, चौकटीत भूछत्रांची नक्षी, मागे बर्फाने वाकलेलं अरण्य आणि मधोमध राजकन्येला पाठीवर घेऊन निघालेलं भलंथोरलं अस्वल. त्या अस्वलाच्या पाठीवर, राजकन्येला अगदी खेटून, चहाच्या कपाचा गोल, तपकिरी, अजून ओलसर डाग!

पत्नी इस्पितळात एक्स-रे काढायची. तिने ते पान खिडकीच्या उजेडात असं धरलं, जणू कुणाच्या बरगड्या मोडल्यात. "आरपार गेलाय," ती पुटपुटली. "येत्या रविवारी वाचनालयात प्रदर्शन. मधल्या कपाटात हेच ठेवणार होते मी... बोला ना, कुणी केलं?"

मास्तरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं खरं. पण तेवढ्यात पडद्याआड उभ्या असलेल्या सासूबाई त्यांना दिसल्या. शालीखाली काहीतरी लपवलेलं होतं आणि त्या काहीतरीचा कान बाहेर आला होता. कपाचा!

सासूबाई त्यांच्याशी कधीच थेट बोलल्या नव्हत्या. लेकीने कपडे शिवणाऱ्याशी लग्न केलं हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. लेक घरात असली की त्या म्हणायच्या, "त्यांना सांग, पंखा कमी करा." लेक नसली की भिंतीकडे पाहून म्हणायच्या, "कुणी खिडकी लावली तर बरं होईल." आणि तो 'कुणी' निमूटपणे उठून खिडकी लावायचा. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या घरी एक भलामोठा आरसा त्यांच्या हातून फुटला, सूनबाई नको ते बोलल्या, तेव्हा बोचकं घेऊन त्या इथे आल्या होत्या. आणि आज त्या मानी डोळ्यांत मास्तरांना भीती दिसली. आता इथूनही जावं लागणार, ही भीती!

मास्तरांनी आयुष्यात काय कमी सोसलं होतं? पुस्तकांना कोरडी खोली हवी म्हणून त्यांनी आपलं शिलाई मशीन घरातल्या बोळात हलवलं होतं. त्रेचाळीस पुस्तकांना त्रेचाळीस मऊ पिशव्या शिवल्या होत्या, तेही उघडताना बटणाचा ओरखडा नको म्हणून नाडीच्या! जिथे एवढं, तिथे आणखी थोडं...

"मी केलं," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"चहा पिता पिता... जरा अस्वल बघत होतो."

"हातमोजे न घालता?"

"एकाच हातात होता," मास्तरांनी उगाचच भर घातली आणि आपला अपराध दुप्पट करून घेतला.

पत्नीने पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं, नाडी ओढली. त्या नाडीचा फास आपल्याच गळ्याला बसल्यासारखा मास्तरांना वाटला.

त्या दिवसापासून पत्नीनेही बोलणं टाकलं. सकाळी ती कपाटाला सांगायची, "नाश्ता झाकून ठेवलाय." संध्याकाळी सासूबाई दिव्याला सांगायच्या, "नळ गळतोय." एका भल्या माणसाला वगळून दोघी घरातल्या साऱ्या सामानाशी बोलत होत्या! आपण उद्या मेलो तर ही बातमी बहुधा टेबलाला कळवली जाईल, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना हुंदका फुटला. त्या हुंदक्यातच त्यांनी एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

पाचव्या दिवशी दुपारी ते त्या बाह्या उसवत होते. पत्नी आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. सासूबाई बोळात आल्या, मशीनसमोर उभ्या राहिल्या. मास्तर सवयीने खिडकी लावायला उठले.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याशीच बोलतेय."

मास्तर बसले, ते थेट टाचण्यांच्या डबीवर! पण त्या अपूर्व क्षणी त्यांनी 'स्स' सुद्धा केलं नाही.

"का घेतलंत अंगावर?"

"आई, माझं काय एवढं... मला सवय आहे."

"सवय आहे म्हणून तर लाज वाटते मला!" त्यांचा आवाज चिरकला. त्या कापडाच्या गठ्ठ्यावर टेकल्या. "ही नऊ वर्षांची असताना हिच्याकडे असंच एक पुस्तक होतं. शेजारच्या खलाशाने आणून दिलेलं. त्यातही अस्वल होतं. अक्षर एक कळत नव्हतं, पण दिवसभर त्यातच तोंड खुपसून बसायची. गणितात नापास झाली आणि मी ते रद्दीत घातलं. तिच्यासमोर! ती रडली नाही हो. रडली असती तर मी परत आणलं असतं... आता एकेक पुस्तक घरात येतं आणि ही इस्पितळात गेली की मी जाऊन बघते, ते तर नाही ना आलं? त्या दिवशी हे अस्वल दिसलं आणि मी नीट बघायला वाकले. कप कुठे टेकवला, कळलं नाही."

मास्तरांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "आई, हे इथेच राहू दे. डाग माझाच."

"तुमचा बरा!" म्हणत सासूबाई उठल्या आणि त्यांनी सरळ जाऊन ते दार ढकललं.

आत काय बोलणं झालं ते मास्तरांनी उंबरठ्याबाहेरून ऐकलं. सासूबाईंनी डागाचं सांगितलं, रद्दीचं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "त्या लाल पुस्तकासाठीच तू हे सगळं जमवलंस. मला का कळत नाही?"

पत्नीने विचारलं, "लाल?"

"लाल म्हणजे लालभडक."

"आई, ते हिरवं होतं ना?"

"अगं, या हातांनी टाकलंय मी! लाल होतं."

"मी तीस वर्षं हिरवं शोधतेय..." पत्नी म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खुर्चीतच वाकली, आणि ते हसणं कधी रडणं झालं ते कुणाला कळलंच नाही. नऊ वर्षांच्या मुलीने तेव्हा गिळलेलं सारं आज बाहेर पडत होतं! सासूबाईंनी तिचं डोकं पोटाशी धरलं. "मला परत पाठवू नकोस गं..." एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

"कुठे पाठवू तुला? वेडी आहेस का?"

दारातून नाक ओढल्याचा मोठा आवाज आला. पत्नीने वर पाहिलं आणि तिचा चेहरा पुन्हा कडक झाला.

"आणि तुम्ही! पाच दिवस तोंड शिवून बसलात! खोटं बोलायचं ते बोलायचं, वर हातमोज्याचं लावून? माझ्याशी?"

"अगं, पण..."

"पण नाही नि बिण नाही. किती छळलं मी तुम्हाला! मला पाप लागलं त्याचं काय?" आणि पुन्हा तिला रडू कोसळलं. मास्तर हातमोजे न घालताच आत धावले. कुणीही त्यांना अडवलं नाही.

रविवारी सकाळी ती वाचनालयात तेवीस पुस्तकं मांडून आली. मधल्या कपाटात सोनेरी पिसांच्या पक्ष्याचं पुस्तक ठेवलं. अस्वलाचं मात्र तिने घरीच ठेवलं होतं. दुपारी सगळे आतल्या खोलीत बसले आणि ती आईला वाचून दाखवू लागली. पोस्टाने धडे मागवून ती रशियन शिकली होती. एक ओळ वाचायची, मग अर्थ सांगायची.

"या राजाला काही अक्कल नाही," सासूबाई म्हणाल्या. "पोटची पोर अस्वलाबरोबर धाडतो?"

"अस्वल स्वभावाने चांगलं दिसतंय," मास्तर हळूच म्हणाले.

"तुम्हाला सगळेच चांगले दिसतात," सासूबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "सरका थोडे, मला चित्र दिसत नाही."

राजकन्या अरण्याच्या टोकाला पोचली, मागे वळून आपल्या घराकडे पाहू लागली, तसा पत्नीचा आवाज अडखळला आणि एक टपोरा थेंब थेट पानावर पडला. सासूबाई आणि मास्तर श्वास रोखून बघत राहिले. तिने तो बोटाने पुसला नाही, टिपकागद मागितला नाही. वाचता वाचता तिने शांतपणे पान उलटलं.