प्रयागबाईंचा कानडी लेक

"मला लेक हवाय, बापूसाहेब. पर खरा हवाय."

प्रयागबाई उंबऱ्याच्या आत येऊन उभ्याच राहिल्या. कुंडलिकाने लगबगीने घोंगडी अंथरली. बारामतीच्या त्या दोन खोल्यांत लोक चोरीला गेलेल्या दागिन्यांची नि खोट्या सह्यांची गाऱ्हाणी घेऊन येत. लेक पारखून द्या म्हणणारी बाई पहिलीच.

बापूसाहेब पूर्वी विजापूरच्या कोर्टात दुभाषे होते. ती नोकरी सोडून ते खासगी तपास करू लागले, त्याला आता सहा वर्षं झाली होती. कुंडलिक त्यांचा मदतनीस. त्याला भाषा एकच येई, मराठी. आणि बापूसाहेबांच्या मते तीही सावकाश कळे.

प्रयागबाई कळसच्या. अठरा वर्षांपूर्वी, मानमोडीच्या साथीत, भिगवण स्टेशनच्या गर्दीत त्यांच्या पाच वर्षांच्या गेणूचा हात सुटला. गाडी निघून गेली. गेणू सापडलाच नाही. आणि गेल्या महिन्यात एक तरणाबांड गडी दारात येऊन "आई" म्हणाला. गाडीत रडताना एका विणकर विधवेने उचललं, विजापुरात वाढवलं, म्हणाला. मराठी विसरलो होतो, दोन वर्षांत पुन्हा शिकलो, म्हणाला.

"सोमवारी इंदापूरला जाऊन मळा त्याच्या नावावर करायचा हाय," प्रयागबाई हळू आवाजात म्हणाल्या. "समदं बरोबर सांगतो. कानडी तर अशी बोलतो, की गाव बघत ऱ्हातं. पर त्याच्या तोंडावरनं हात फिरवला, की माझा हात वळख देत न्हाय. हे पाप माझ्या हाताचं, का त्याचं, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी दोघे कळसला पोचले. मळ्यात प्रयागबाईंचा पुतण्या सर्जेराव पाणी धरत होता.

"तोतया हाय!" तो फावडं टेकवून म्हणाला. "पर मी बोललो, की लोक म्हणत्यात, मळ्यासाठी बोलतोय."

"मळ्यासाठी बोलत नाही तुम्ही?"

"बोलतोय की! धा वरसं हितं घाम गाळलाय. पर खोटं बोलत न्हाय."

गेणूला अंगाखांद्यावर खेळवणारी म्हातारी मोलकरीण ठमाबाई मात्र ठाम होती.

"अंघुळ चुकवाय कणगीत लपायचा. दाण्यावर पाय दिला म्हणून मार बसंल, म्हणून म्या हे मालकिणीलासुदिक सांगितलं न्हवतं. त्यानं आल्या आल्या सांगितलं! आता बोला."

"बाजारात कुणाजवळ बोलला असाल, ठमाबाई."

"भिगवणला लेकरू हरवलं, हे सांगायची. बारामतीच्या बाजारात धा जणांस्नी सांगितलं आसंल. पर कणगी? न्हाय. देवाशप्पत न्हाय."

"झालं," कुंडलिक पुटपुटला. "खराच निघाला."

"थांब जरा," बापूसाहेब म्हणाले.

तो गडी ओसरीवर पटका बांधून ऐटीत बसला होता. बापूसाहेबांनी त्याच्याशी कानडी सुरू केली. दोघं भराभरा बोलू लागले. कुंडलिकाला अक्षर कळेना. तेवढ्यात गडी गोठ्याकडे बोट करून मराठीत म्हणाला, "तेच सांगत हुतो साहेबांस्नी. तो बैल चार दाती हाय, पलीकडचा सहा दाती. खांदा चांगला, पर पाय आत टाकतो."

"कानडी सुरेख आहे तुझी," बापूसाहेब म्हणाले. प्रयागबाईंचा चेहरा उजळला. "तिकडची आई काय गाऊन निजवायची रे तुला?"

"गरिबाच्या घरी कसली गाणी, साहेब? माग आन् भाकरी."

बापूसाहेबांनी कुंडलिकाला बाजूला घेतलं. "शेजारच्या विहिरीच्या कामावर कानडी मजूर आहेत. एखादी लेकुरवाळी बाई घेऊन ये."

"लेकुरवाळीच कशाला?"

"रिकाम्या हाताची मला चालायची नाही."

कुंडलिक गंगव्वाला घेऊन आला. तिच्या कडेवर दोन वर्षांची पोर. गडी गंगव्वाशी लगेच बोलू लागला. तीही खुलली, हसली. पण एवढी अनोळखी माणसं बघून पोरीने भोकाड पसरलं. काही केल्या थांबेना. तेव्हा गंगव्वा डोळे मोठे करून तिला म्हणाली, "अळब्याड! गुम्म बंदा, गुम्म!"

पोर चूप. आईच्या पदरात तोंड खुपसून बसली.

गड्याने दाराकडे मान वळवली. "रडू नको, गुम्मा आला, म्हणती ही. कुणी वळखीचा आसंल तिचा. आई, त्याला बी आत बोलवा की, उन्हात कशाला?"

कुंडलिक उठून दारापर्यंत जाऊन आला. अंगणात एक कोंबडी होती. "कुणी नाही."

"नसणारच." बापूसाहेब उभे राहिले. "प्रयागबाई, सोमवारी इंदापूरला जाऊ नका. तुमच्या हाताने काही पाप केलेलं नाही. हा गेणू नव्हे."

कुंडलिक न राहवून म्हणाला, "अहो, पण कानडी येते की त्याला!"

"येते. सगळ्यांनी तेवढंच पाहिलं. कुठली येते, ते पाहिलं नाही. मी कानडी कोर्टात शिकलो. जामीन, साक्ष, पुरावा, सगळं घडाघडा बोलायचो. पण घरमालकाचं मूल रडलं, की मुका व्हायचो. माणूस जिथे भाषा शिकतो, तिथलीच त्याला येते. याला बैलाचे दात येतात, खांदा येतो. ही गुरांच्या बाजारातली कानडी. गुम्म म्हणजे आपला बागुलबुवा. पाचव्या वर्षी कानडी घरात गेलेलं पोर त्याला भ्यायल्याशिवाय मोठं होईल का? अन् या गड्याने त्याला उन्हातून आत बोलावलं!"

मळ्यातून मागोमाग आलेला सर्जेराव मांडीवर थाप मारून हसला. "काकू, म्या काय म्हणत हुतो?"

"हसू नका, सर्जेराव, अजून अर्धं राहिलंय. कणगीची गोष्ट ठमाबाईंनी कुणाला सांगितली नाही. हा गेणू नाही. मग याला ती कुणी सांगितली?"

कुंडलिक एकदम पुढे सरसावला. बापूसाहेबांच्या आधी उत्तर कळण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"गेणूनं," तो म्हणाला.

गड्याने पटका काढून मांडीवर घेतला. "सिद्धू माझं नाव. बैलांची दलाली करतो. विजापूरच्या बाजारात एक विणकर लुगडी घेऊन बसतो. आगीनगाडी, ठमा आन् कणगी, एवढंच ध्यानात हाय म्हणाला. गावाचं नाव न्हाय. मराठीचा शब्द न्हाय. मग बारामतीत ह्या म्हातारीच्या तोंडून भिगवण ऐकलं, आन् माझी मती फिरली."

"तुझं काय करायचं, ते फौजदार बघतील," बापूसाहेब म्हणाले. "आधी पत्ता सांग."

प्रयागबाईंनी खांबाला धरलं होतं. "जिता हाय?"

"हाय. दिवाळीला पोरगी झाली त्याला."

खांब सोडून त्या म्हणाल्या, "त्याला माझं बोलणं कळायचं न्हाय."

"मी येतो ना बरोबर. दुभाषाच आहे मी."

"नको, बापूसाहेब. वाट दाखवाय या. पर माय-लेकाच्या मधी तिसरं माणूस नको."

त्या सावकाश चालत गेल्या आणि गंगव्वासमोर मांडी घालून बसल्या. गंगव्वाला कामापुरती मराठी येत होती.

"'ये बाळा' म्हणायचं तर तुमच्यात कसं म्हणत्यात गं?"

"बा मगा."

"बा मगा," प्रयागबाई म्हणाल्या. गंगव्वाने हसून मान हलवली, पुन्हा म्हणून दाखवलं. प्रयागबाईही पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला गंगव्वा म्हणाली, "हां, आता बराबर."

"बरं," प्रयागबाई पुढे सरकल्या. "आता 'जेवलास का', ते सांग."