त्याच्या तोंडचं वाक्य

"फॉर्म टेबलावर आहे, पेन दोरीला बांधलंय," मान वर न करताच मी म्हणाले.

"फॉर्म आईने भरला होता. मी या वाक्यासाठी आलोय."

मी वर पाहिलं. कानामागे पेन्सिल, शर्टावर लाकडाचा भुसा, हातात वर्तमानपत्राची घडी. आणि डोळे... कितीतरी दिवस न झोपलेले.

नेत्रदान संस्थेच्या प्रसिद्धी विभागात मी तीन महिन्यांसाठी इंटर्न होते. बातमीत नातेवाइकाचं एक वाक्य हवंच, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. हा सुतार फोनवर नुसता "हं" म्हणाला, म्हणून वाक्य मीच रचलं — 'आईचे डोळे देताना मला आनंदच झाला.' छापून आलं तेव्हा काय मिरवले होते मी!

"बाबांनी वाचलं," तो म्हणाला. "म्हणाले, आई गेली आणि तुला आनंद झाला? मी असं बोललोच नाही म्हटलं, तर म्हणतात, छापलेलं खोटं कसं असेल? चार दिवस अबोला आहे. घरात आम्ही दोघंच उरलोय हो..."

मी तडक मॅडमकडे गेले आणि वाक्य मीच रचल्याचं सांगितलं.

मॅडम खुलासा छापायला तयार होईनात. "संस्थेची अब्रू जाईल. आणि तुला प्रमाणपत्र नकोय का?" हवं होतं, त्याच्यावरच तर पुढची नोकरी होती. पण मी खुलासा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले.

त्याचे बाबा खिडकीशी बसले होते. मी दारातूनच म्हणाले, "काका, ते वाक्य माझं आहे. तुमचा मुलगा एक शब्दही बोलला नव्हता."

ते मुलाकडे वळले. "छापलेल्यावर विश्वास ठेवला मी... पोटच्या पोरावर नाही." मग दोघंही रडले. मला आत जावं की परत फिरावं, कळेना.

शेवटी मॅडमनी खुलासा पाठवला आणि तो छापून आला. मला तीन महिने पुरे करू दिले, प्रमाणपत्र मात्र गेलं ते गेलंच.

त्यानंतर तो अधूनमधून यायचा. "आज कुणाच्या तोंडी काय घातलंत?"

"काही नाही! आता लिहिलेलं वाचून दाखवते, मगच छापायला देते."

माझ्या शेवटच्या दिवशी तो आला. कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "एक वाक्य आहे. तुम्हीच लिहा ना, तुम्हाला जमतं."

"छे! तुमच्या तोंडी पुन्हा एक अक्षरही घालणार नाही. तुम्हीच बोला."

तो भुशाने माखलेली बोटं शर्टाला पुसू लागला. "तुम्ही उद्यापासून इथे नसणार... मला ते सहन होत नाहीये. मला तुम्ही आवडता. एवढंच."

मी पेन्सिल घेतली. जसंच्या तसं उतरवून घेतलं, आणि वाचून दाखवलं.

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

मग त्याच पेन्सिलीने खाली माझं वाक्य लिहिलं — 'मलाही.' आणि सही केली.