पांढरा कोपरा

‘कलाकृतीचा अर्थ कलावंताला विचारायचा नसतो,’ हे समीक्षक श्रीनिवास टेंब्यांचं लाडकं वाक्य. न्यायालयानेही ते मान डोलावून ऐकलं, आणि म्हणूनच चित्रकार दौलू गवंडी आज कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत हातात बेड्या घालून उभा होता.

दौलूच्या बायकोला, सगुणाला, त्याच्याच चित्रशाळेत कुणीतरी रंगाच्या सुरीने सात वेळा भोसकलं होतं. तिच्या मागे ओलं चित्र उभं होतं. सगळं लालभडक, फक्त एक कोपरा पांढरा. टेंब्यांनी साक्ष ठोकून दिली, की लाल म्हणजे कत्तल आणि पांढऱ्यातल्या चार रेघा म्हणजे कत्तलीनंतरची शांतता. हा खुन्याचा कबुलीजबाबच आहे. झालं! आजची चाचणी फसली की दौलू फासावर.

“पांढरं म्या सपाट लावलंतं,” दौलू शंभराव्यांदा म्हणाला. “त्या रेघा माझ्या न्हाईत.”

“सगळे चित्रकार असंच म्हणतात,” चाचणी बघायला आलेले टेंबे हसले.

प्रयोगशाळेच्या डॉ. मुक्ता शिरगुप्पेंनी त्या चित्रासमोर आपला ‘हस्तवाचक’ सुरू केला.

“मॅडम, हे यंत्र चित्राचा अर्थ सांगतं?” इन्स्पेक्टर जमादारांनी विचारलं.

“छे हो! अर्थातलं त्याला ओ की ठो कळत नाही. रंगावर रेघ ओढली, की हाताचा जोर, वेग, वळण तिच्यात उमटून राहतं. हा लोखंडी हात तीच हालचाल पुन्हा करतो. वळणावरून माणसाची उंचीही कळते. यंत्राचा खांदा त्या माणसाच्या खांद्याइतका वर जाऊन थांबतो.”

आधी लाल भाग. खांदा खाली आला, बुटक्या दौलूच्या खांद्याइतका. हात हळूहळू फिरू लागला, सुरकुत्या सारख्या केल्यासारखा. टेंब्यांच्या कत्तलीत एकसुद्धा वार नव्हता.

“ते तिचं लुगडं हाय,” दौलू म्हणाला. “दोरीवर वाळतंय.”

मग पांढरा कोपरा. खांदा वर सरकला. दौलूच्या डोक्यावरून गेला, जमादारांना मागे टाकून गेला आणि सहा फुटी टेंब्यांच्या खांद्याशी थांबला. हात उठला आणि खाडकन कोसळला. चार वेळा. दर वेळी शेवटी मनगट पिरगळत होतं. जमादार दचकून मागे सरले.

“या रेघा नाहीत,” मुक्ताबाई म्हणाल्या. “हे चुकलेले वार आहेत. ओल्या रंगात रुतलेले.”

“उंच माणसं गावात ढिगानं आहेत!” टेंबे ओरडले.

“पर साहेब,” दौलू त्यांच्याकडे बघत म्हणाला, “माझ्या आधल्या लुगड्याच्या चित्रावरचा तुमचा लेख वाचून ती लई हसली हुती. म्हणायची, माझ्या लुगड्यात ह्यांनी मुडदं बघितलं!”

“माझ्या तोंडावर हसली ती!” टेंब्यांनी टेबलावरची रंग काढायची खरवडणी उचलली आणि रेघा मोडायला चित्राच्या पांढऱ्या कोपऱ्यावर झेप घेतली. एकच वार बसला. जमादारांनी त्यांना फरशीवर आपटलं. दात तुटले, रक्त उडालं, तरी त्यांची मूठ सुटेना. अखेर बुटाखाली बोटं चिरडली, तेव्हा खरवडणी पडली.

यंत्र चालूच होतं. त्याने पाचवा वार वाचला. खांदा तसूभरही हलला नाही. हात उठला, कोसळला, मनगट पिरगळलं.

जमादारांनी दौलूच्या बेड्या काढून टेंब्यांना घातल्या. दौलू चित्रापाशी तसाच उभा राहिला.

“बाई,” तो म्हणाला, “तेवढं लाल पुन्हा एकदा चालवा की.”