एकाच हातचे पतंग

बन्सीधरचा पाय पतंगात गेला आणि कावेरी "अहो" म्हणेपर्यंत कागद टर्रकन फाटला.

सेलूच्या बाजारगल्लीत तिच्या वडिलांचं, व्यंकटरावांचं, वह्या-पाट्यांचं दुकान. उंबऱ्याआत खळ लावलेले पतंग ओळीनं वाळत होते, आणि हा पाहुणा एक पाय बाहेर, एक पाय पतंगात टाकून उभा. केसांत कापूस अडकलेला, म्हणजे स्वारी जिनिंगमधली.

"पाहून चालायची पद्धत न्हाई का जिनिंगमधी?"

"पाहूनच चाललो होतो की," तो हळूच म्हणाला. "खाली न्हाई पाहिलं, एवढंच."

कावेरीनं मान खाली घातली. कान मात्र तापले.

त्या पतंगांचं प्रकरण जरा नाजूकच होतं. मागल्या रथसप्तमीच्या शर्यतीत कुणी हातभर मोठा पतंग आणला, कुणी काचेचा मांजा. बोटं कापली, दोन गल्ल्यांचं बोलणं बंद पडलं. म्हणून यंदा मंडळानं नियम केला: पतंग सगळे एका मापाचे, एकाच हातचे, दोरा साधा, सगळ्यांना सारखा. पतंग चिठ्ठीनं मिळणार आणि मिळाल्यावर त्याला चिंधीसुद्धा बांधायची नाही. ज्याची चक्री आधी रिकामी होईल, तो जिंकला. व्यंकटरावांनी मंडळाला शब्द दिला होता. शब्द त्यांचा, हात कावेरीचे!

फाटलेल्या पतंगाच्या जागी तिनं उरल्यासुरल्या बांबूचा नवा केला. साच्यात तो चपखल बसला, पण उचलताना तिचं मन चरकलं.

"आबा, हा डावीकडं जड वाटायलाय."

"मापात बसला ना? मग झालं. नियम मापाचा हाय."

बन्सीधर रोज येऊ लागला. त्याला इतक्या रिफिली लागाव्यात, एवढं लिहिणं काही जिनिंगमध्ये नव्हतं. मूळचा गंगाखेडचा, सोयरीक जुळेल अशा घरचा, पण सेलूत एकटा.

"शर्यतीत नाव दिलंय," एकदा तो म्हणाला. "यातला कोणता चांगला?"

"सगळे एकाच हातचे हायत."

"मग कुठलाबी येऊ द्या. हात चांगला हाय." तो थांबला. मग घाईघाईनं म्हणाला, "जिंकलो तर तुमच्या आबाकडं मागणं घालतो. इथं मला वळखतं कोण? नाव तरी होईल."

"आणि... हरलात तर?"

"हरलो तर कोणत्या तोंडानं यावं?"

शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी पाथरीहून तिला पाहायला पाहुणे येणार होते. ते सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात आबा दुकानात आले आणि शब्द ओठांतच राहिला.

रथसप्तमीला मैदानावर चिठ्ठ्या निघाल्या. बन्सीधरनं आपला पतंग उचलला आणि गर्दीतून तिच्याकडे पाहून हसला. तोच, उरल्यासुरल्या बांबूचा पतंग होता! उजव्या टोकाला एवढीशी चिंधी बांधली असती, तर तो सरळ गेला असता. जवळून जाताना एक शब्द पुटपुटला असता, तरी त्यानं दोरा सांभाळला असता. पण आबांचा शब्द, सगळ्या गल्ल्यांचा भरवसा... ती पदराचं टोक पिळत तशीच उभी राहिली.

पतंग सुटले. त्याचा चढला, झुकला, पुन्हा चढला, डावीकडे गिरक्या घेत बाभळीवर जाऊन अडकला. दुसऱ्याच कुणाच्या नावानं शिट्ट्या वाजल्या. बन्सीधरनं मान खाली घालून दोरा गुंडाळला आणि तिच्याकडे न पाहता स्टेशनच्या वाटेला लागला. गंगाखेडला निघालाय की काय! लोक काय म्हणतील हा विचार आला, पण तोवर कावेरीचे पाय निघाले होते.

"थांबा." तिला धाप लागली होती. "तो पतंग डावीकडं जड होता. मला ठाऊक होतं."

तो वळला. "मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर शर्यत खोटी झाली असती."

राग शोधूनही त्याला सापडत नसावा. "बरं केलंत," तो म्हणाला. "पण हरलो ते हरलोच. शर्त ती शर्त."

"ती तुमची शर्त," कावेरी म्हणाली. "जिंकलो तरच येतो, हे तुमीच ठरवलंत. मला कुणी विचारलं?"

"...आता विचारतो. तुमचं काय म्हणणं हाय?"

"उद्या पाथरीचे पाहुणे मला पाहायला यायलेत. नवाच्या जीपनं. तुमी त्याच्या आधी या."

त्याचा चेहरा उतरला, मग हळूहळू उजळला. "आठाला आलो तर चालंल?"

"आठाला आबांचा चहा असतो."

"मग साडेआठाला येतो."

"आठालाच या," कावेरी म्हणाली. "मी एक कप जास्त टाकते."